शंभरातून सात, पण कशाचे सात?

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या आजीला हैदराबादच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ती पहिल्यांदाच इतक्या लांब आली होती. वय शहात्तरच्या आसपास. आसपास म्हणते, कारण आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारीचा आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांसारखाच. वर्षभरापासून ती गप्प गप्प झाली होती. विचारलं एक की सांगायची भलतंच. चुलीवरचं दूध दोनदा उतू जाऊन करपलं. आई म्हणाली, "तू तिकडं एवढं शिकायलीस, मोठ्या दवाखान्यात दाखव."

डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. आजीला प्रेमानं 'अम्मा' म्हणाल्या. त्यांच्यापुढं इंग्रजीत छापलेला एक कागद होता. त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या, मी आजीला मराठीत विचारायचे आणि आजीचं उत्तर परत हिंदीत सांगायचे. आज तारीख काय? आजी म्हणाली, "पोळा होऊन पंधरा दिस झाले." कागदावर शून्य. आपण कितव्या मजल्यावर आहोत? लिफ्ट नावाच्या डब्यात डोळे मिटून उभ्या राहिलेल्या बाईला मजला कुठून माहीत असणार? शून्य. शंभरातून सात गेले तर किती उरले? आजीनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कशाचे सात?"

मी ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. मी म्हणाले, "मॅडम, वो अनपढ है, उनको नहीं आएगा."

मग त्यांनी एक वाक्य लिहायला सांगून पेन पुढं केलं. आजीनं पेन घेतलं नाही. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. सरकारी कागद, टेबल आणि पलीकडं बसलेला शिकलेला माणूस, एवढं जमलं की काय करायचं हे आयुष्यभर तिला जे शिकवलं गेलं, तेच तिनं केलं.

तीसपैकी तेरा गुण. मध्यम स्वरूपाचा डिमेन्शिया. रक्ताच्या तपासण्या पुढच्या वेळी करू, तोवर ही गोळी रोज रात्री द्या. त्या गोळीनं आजीला मळमळायला लागलं, जेवण तुटलं, चार महिन्यांत ती अर्धी झाली. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. ते आजीच्या मागं उभे राहिले आणि हळू आवाजात तिचं नाव घेतलं. आजीनं वळून पाहिलंच नाही. तिला ऐकू येत नव्हतं. भलतंच उत्तर ती देत होती, कारण प्रश्न तिच्यापर्यंत भलताच पोहोचत होता. कानाचं यंत्र बसलं, डॉक्टरांनी गोळी बंद केली, आणि आजी पुन्हा भांडायला लागली. दूध अजूनही कधीकधी उतू जातं. ते माझ्याकडूनही जातं.

आता याच्या उलट गोष्ट. माझी आत्याआजी गावातच असते. चार वर्षांपूर्वी ती जेवून उठली की परत ताट मागायची. स्वतःच्या घराऐवजी शेजारच्या घरात शिरायची. लेकीला 'बाई तू कोण' म्हणायची. गावच्या दवाखान्यात सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "वय झालंय आता. अडाणी बाई, म्हातारचळ लागलाय." तपासणी नाही, नाव नाही, काही नाही. एके रात्री ती घरातून निघाली आणि सकाळी रेल्वे फाटकाजवळ सापडली. जिवंत सापडली हे नशीब.

एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्या. एकीला नसलेला आजार चिकटवला, दुसरीचा असलेला आजार नाकारला. दोन्ही वेळा कारण एकच होतं: ती शिकलेली नाही. हा लेख त्या कारणाबद्दल आहे.

परीक्षेनं काय मोजलं?

आजीपुढचा तो कागद बहुतेकांना 'एमएमएसई' या नावानं माहीत असतो. मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी तो १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तीस गुणांची छोटी चाचणी. चोवीसच्या खाली गुण आले की डॉक्टर सावध होतात. आता हिशोब करा. शंभरातून सात-सात वजा करत जायचं, त्याला पाच गुण. कागदावरचं वाक्य वाचून तसं करायचं, एक गुण. वाक्य लिहायचं, एक. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे, एक. हे आठ गुण शाळेत न गेलेल्या माणसाच्या हातून निसटण्याची पुरेपूर शक्यता आहे. तारीख आणि साल यांचे दोन गुण धरा. दहा गेले. स्मरणशक्ती ठणठणीत असलेली, घर चालवणारी, नातवंडं सांभाळणारी बाई वीस गुणांवर येऊन थांबते, म्हणजे 'आजारी' ठरते. आणि तिला ऐकू कमी येत असेल तर पुढचं विचारूच नका.

हे डॉक्टरांना माहीत नाही असं नाही. १९९३ साली अमेरिकेतल्याच अठरा हजार प्रौढांचे गुण तपासून एक निबंध प्रसिद्ध झाला. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यक होता २९. पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६. चार वर्षं किंवा त्याहून कमी गेलेल्यांचा २२. पायऱ्या पाहा. तीस वर्षांपूर्वीच आकडे सांगत होते की ही चाचणी मेंदूबरोबर शाळाही मोजते. पुढं २००५ साली 'मोका' नावाची दुसरी चाचणी आली, कॅनडात तयार झालेली. तिच्यात शिक्षण कमी असलेल्यांसाठी सवलत आहे: बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. एक गुण! बारावी झालेल्याला एक, आणि ज्या बाईनं पाटी कधी हातात धरली नाही तिलाही एकच. निरक्षरांसाठी या चाचणीची वेगळी आवृत्ती नंतर निघाली, पण ओपीडीच्या टेबलावर ती तुम्हाला किती वेळा दिसली?

बल्लभगढमध्ये काय झालं?

हे वेगळ्या प्रकारे करता येतं, आणि ते आपल्याच देशात करून दाखवलं गेलं आहे. म्हणून मला एका डॉक्टर-संशोधिकेच्या कामाबद्दल सांगायचं आहे. मेरी गांगुली, पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मनोविकारतज्ज्ञ आणि साथरोगशास्त्रज्ञ. १९९० च्या दशकात विजय चंद्रा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हरयाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण भागात वृद्धांमधल्या डिमेन्शियाचा अभ्यास केला. पंचावन्न वर्षांवरची ५,१२६ माणसं. त्यातली ७३.३ टक्के निरक्षर.

या मंडळींपुढं दोन वाटा होत्या. अमेरिकन कागद हिंदीत उतरवायचा, गुण मोजायचे आणि 'हरयाणाच्या खेड्यात बहुतेक म्हातारे डिमेन्शियाचे रुग्ण' असा निष्कर्ष काढून मोकळं व्हायचं. किंवा आधी कागदालाच प्रश्न विचारायचा. त्यांनी दुसरी वाट घेतली. भाषांतर केलं, उलट भाषांतर केलं, गावात वापरून पाहिलं, जे चाललं नाही ते बदललं. त्यातून 'हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' तयार झाली. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा शीर्षकातच लिहिलेलं होतं की ही चाचणी बहुतांशी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी आहे.

बदल काय केले ते पाहा. सालाऐवजी विचारलं, आत्ता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ? सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. 'डोळे मिटा' हे वाक्य वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्यानं म्हटलं, माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटले. वाक्य लिहायच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. पंचकोनांच्या जागी सोपी आकृती. शिवाय १९९९ साली त्यांच्या गटानं रोजच्या जगण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती घरच्यांना विचारायची. जेवल्याचं विसरतात का? गावात वाट चुकतात का? निरोप दिला तर पोहोचवतात का? घरात लग्नासारखी गोष्ट ठरत असेल तर आपलं मत देतात का?

शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबले. आमच्या घरात मावसबहिणीचं स्थळ मोडलं ते आजीनं. मुलाकडच्यांनी जमिनीबद्दल आधी एक सांगितलं होतं आणि नंतर दुसरं, हे फक्त तिच्या लक्षात राहिलं होतं. हे झालं हैदराबादच्या त्या तपासणीच्या आदल्या महिन्यात. त्या ओपीडीत हा एक प्रश्न विचारला असता तर? आणि आत्याआजीच्या लेकीला जेवणाचा आणि वाट चुकण्याचा प्रश्न कुणी विचारला असता तर?

मापदंड खाली आणला का?

आता आपल्या ओळखीचा आक्षेप येईल. चाचणी सोपी केली की! दर्जा खाली आणला!

पदवी घेणाऱ्या आपल्या घरातल्या पहिल्या पिढीनं हे वाक्य किती वेळा ऐकलंय याचा हिशोब नको. प्रवेशाच्या वेळी ऐकलं, फेलोशिपच्या वेळी ऐकलं, मुलाखतीच्या खोलीबाहेर ऐकलं. म्हणून बल्लभगढचं उत्तर आपण नीट समजून घ्यायला हवं. आठवड्याचे वार उलटे म्हणणं सोपं नाही, आत्ता म्हणून पाहा. त्यात लक्ष टिकवावं लागतं, मनात क्रम धरून ठेवावा लागतो. सात-सात वजा करण्यातून नेमकं हेच तपासायचं होतं. फरक एवढाच की वार सगळ्यांना माहीत असतात आणि लेखी वजाबाकी शाळेत शिकवलेली असावी लागते. चाचणीतून शाळा बाजूला काढली, मेंदू तसाच ठेवला. याला दर्जा घसरणं म्हणत नाहीत. याला मोजमाप बरोबर करणं म्हणतात.

जुन्या कागदात शाळा मोजली जात होती आणि निकाल मेंदूच्या नावानं लागत होता. 'मेरिट' नावाच्या गोष्टीचं गणित याहून वेगळं आहे का? क्लास, इंग्रजी, घरातली पुस्तकं, वडिलांच्या ओळखी हे सगळं मोजायचं आणि निकाल बुद्धीच्या नावानं लावायचा. विशीतल्या नातवाला जो अन्याय प्रवेश परीक्षेत भेटतो, तोच सत्तरीतल्या आजीला ओपीडीत भेटतो. नातू निदान मोर्चा तरी काढतो. आजी अंगठा पुढं करते.

कुणी म्हणेल, यात जात कुठून आली? चाचणीत जात विचारत नाहीत. खरं आहे, विचारत नाहीत. शिक्षणाचा रकाना भरतात. त्यात 'शून्य' लिहितात, जणू काही ते आजीच्या उंचीसारखं किंवा रक्तगटासारखं तिचं स्वतःचं लक्षण आहे. तो शून्य तिथं कुणी लिहिला, हे समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला विचारावंच लागतं.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तो प्राथमिक शिक्षणाकडं वळवा आणि बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. ब्रिटिशांनी ती मानली नाही. १९५० साली संविधान लागू झालं. कलम ४५ नं राज्याला सांगितलं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करा. म्हणजे १९६० पर्यंत. लगेच पुढच्या वर्षी जनगणना झाली. १९६१ मध्ये अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के. अनुसूचित जातींमधल्या स्त्रियांची ३.२९ टक्के. अनुसूचित जमातींमधल्या स्त्रियांची ३.१६ टक्के. देशाची एकूण साक्षरता २८.३ टक्के होती, तीही लाजिरवाणीच, पण शंभरात तीन कुठं आणि अठ्ठावीस कुठं?

आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. संविधानानं ज्या मुलीला शाळा कबूल केली होती, ती हीच मुलगी. ती शाळेत गेली नाही, कारण पाटलाच्या शेतात खुरपायला माणूस हवं होतं आणि शाळेत आमच्या वस्तीतल्या पोरांना दाराबाहेर बसवत. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा कायदा यायला २००९ साल उजाडलं. तोवर आजी साठीला टेकली होती. साठ वर्षं राज्यानं शाळा दिली नाही आणि शहात्तराव्या वर्षी इस्पितळानं तिला विचारलं, वाक्य लिहून दाखवा.

गोडवे पुरे झाले

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी म्हणतेय, आजी शिकली नाही तरी काय बिघडलं, तिच्याकडं जगण्याचं शहाणपण होतं. नाही. मी असं अजिबात म्हणत नाही. वीस बायांची खुरपणीची हजेरी आणि मजुरी आजी तोंडपाठ ठेवायची, हे खरं आहे. पण हे सांगून टाळ्या घेणाऱ्या साहित्याचा मला कंटाळा आलाय. तिला लिहिता आलं असतं तर मुकादमानं दर आठवड्याला दोन बायांची मजुरी खाल्ली नसती.

आणि शाळा हिरावण्याची किंमत मेंदूही मोजतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा डिमेन्शियावरचा आयोग, गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालचा, २०२४ च्या अहवालात सांगतो की जगातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाचा संबंध बदलता येण्यासारख्या चौदा घटकांशी आहे. आयुष्याच्या सुरुवातीचा त्यातला घटक म्हणजे कमी शिक्षण. पुढं यादीत बहिरेपण आहे, उपचार न झालेली अधू नजर आहे, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे. ही यादी घेऊन आपल्या वस्तीत चक्कर मारा. मोतीबिंदू पिकलेले डोळे. गिरणीत, खाणीत, बँडच्या ढोलाशेजारी गेलेले कान. चुलीचा धूर. साखरेची गोळी महिनाअखेरीस संपलेली. वैद्यकाच्या भाषेत हे 'बदलता येण्यासारखे घटक' आहेत. कुणी बदलायचे?

म्हणजे शाळा नाकारल्याचा वार दोनदा होतो. एकदा खरोखरच आजाराचा धोका वाढतो. दुसऱ्यांदा चाचणी निरोगी माणसालाही आजारी ठरवते, किंवा डॉक्टर 'अडाणीच आहे' म्हणून आजारी माणसाला तपासतच नाही. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि दोन्ही एकदम म्हणायला शिकलं पाहिजे. फक्त दुसरं म्हटलं तर आपण निरक्षरतेचे भाट होतो. फक्त पहिलं म्हटलं तर आपल्याच आज्यांना मंद ठरवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

हळद, एकत्र कुटुंब आणि लवकर येणारं मरण

बल्लभगढच्या अभ्यासाचा निकाल १९९८ साली आला तेव्हा जग चकित झालं. पासष्टच्या पुढच्या लोकांमध्ये अल्झायमरचं प्रमाण फक्त १.०७ टक्के, पाश्चात्त्य देशांच्या मानानं फारच कमी. मग आपल्याकडं अभिमानाची लाट आली, ती अजून ओसरलेली नाही. आमच्या जेवणात हळद आहे! आमच्याकडं एकत्र कुटुंब आहे! आमची संस्कृती म्हाताऱ्यांना सांभाळते!

संशोधकांनी स्वतः काय लिहिलं होतं? संभाव्य कारणं देताना त्यांनी पहिल्यांदा नाव घेतलं ते कमी आयुर्मानाचं. त्यानंतर आजार झाल्यावर फार काळ न जगण्याचं. मग धोक्याच्या आणि संरक्षक घटकांमधल्या फरकाचं. सरळ मराठीत: माणसं आजारी पडण्याच्या वयापर्यंत पोहोचतच नव्हती, आणि पोहोचली तर टिकत नव्हती. मरणाला आपण हळदीचा गुण म्हणून मिरवलं.

आणि लवकर कोण मरतं? २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. नऊ राज्यांमधल्या सुमारे दोन कोटी लोकांची माहिती त्यात आहे. महाराष्ट्र त्यात नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा वगैरे आहेत. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी, मुस्लिमांचं सुमारे एक वर्षानं कमी. आर्थिक परिस्थितीनं या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग स्पष्ट होतो. 'हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं.

इथं आपल्या लोकांनाही एक सांगते. १४ एप्रिलला एक आकडा फिरतो: दलित स्त्रिया सवर्ण स्त्रियांपेक्षा १४.६ वर्षं आधी मरतात. तो संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालातला आहे, पण तो मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयातला फरक आहे, आयुर्मानातला नाही. ज्या समाजात लहान आणि तरुण माणसं जास्त असतात, तिथं मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली येतं. आपण आकडा चुकीचा वापरला की समोरचा तेवढ्यावर बोट ठेवून सगळा मुद्दा उडवून लावतो. तीन-चार वर्षंही कमी नाहीत. एका नातवाचं लग्न, एका नातीची पदवी या तीन-चार वर्षांतच होऊन जाते.

सत्तरीची दारं

२०२३ साली भारतातल्या डिमेन्शियाचा देशव्यापी अंदाज प्रसिद्ध झाला. त्यात बल्लभगढची हिंदी चाचणी वापरली होती. साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत ती १ कोटी ६९ लाख होतील असा अंदाज. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आत्याआजी दोन्हींत बसते.

आणि धोरण काय आहे? ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना लागू झाली, उत्पन्नाची अट नाही. चांगलं झालं. पण ज्यांचं आयुष्यच तीन-चार वर्षं कमी आहे, त्यांच्यापैकी कमी लोक सत्तरीच्या दारापर्यंत पोहोचतात. ज्यांचा जन्म १ जानेवारीला लावलेला आहे, त्यांचं कागदावरचं वय कमी लागलं असेल तर दार आणखी लांब. शिवाय या योजनेचे पाच लाख रुपये इस्पितळात भरती झाल्यावरचे आहेत. डिमेन्शियाच्या माणसाला भरती फार थोडी लागते. त्याला लागते ती रोजची सोबत, औषध, कानाचं यंत्र, चष्मा, आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला दिवसातले चार तास सुट्टी. आत्याआजीच्या लेकीनं मजुरीला जाणं सोडलं. त्या बुडालेल्या मजुरीचा दावा कोणत्या कार्डावर करायचा?

ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी भरावी असं त्यात लिहिलेलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना कानाचं यंत्र, चष्मा, काठी देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. आमच्या गावात या दोन्हींची नावं मी पहिल्यांदा सांगितली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निरक्षर माणसावर साक्षरांची चाचणी लावून निदान करू नका, आणि कान-डोळे तपासल्याशिवाय कोणतीही चाचणी लावू नका. मराठीत, गोंडीत, कोरकूत, भिल्लीत, त्या त्या समाजाच्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन चाचण्या तयार करा. बल्लभगढनं पद्धत दाखवलेली आहे. म्हातारपणाच्या आरोग्याचे आकडे जातीनुसार मांडा. आणि आशाताईंवर हे काम टाकणार असाल तर त्याचा मोबदलाही द्या.

आता आपल्याबद्दल. घरात शिकलेले आपण एकटेच, म्हणून दवाखान्यात आपणच जातो. फॉर्म आपण भरतो, डॉक्टरांचं इंग्रजी आपण समजून घेतो. आजीच्या आणि डॉक्टरांच्या मधे आपण उभे असतो, आणि मी त्या जागी उभी राहून काय केलं ते वर सांगितलंच आहे. डॉक्टरांनी विचारायच्या आधी मीच म्हणाले, ती अडाणी आहे. मला आजीची लाज वाटली होती. पीएचडीचा विषय वंचितांचं शिक्षण, आणि आजीच्या अंगठ्याची लाज. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

तुमच्यावर ती वेळ आली तर माझ्यासारखं करू नका. विचारा, ही चाचणी न शिकलेल्या माणसासाठी आहे का? सांगा, हिला ऐकू कमी येतं, आधी ते बघा. सांगा की ती घरात काय काय करते आणि गेल्या वर्षापासून काय करायची थांबली आहे; निदानाला तेच लागतं. औषध आपल्या मनानं बंद करू नका, पण कशासाठी दिलं ते विचारल्याशिवाय चिठ्ठी घेऊ नका. आणि आजी जे बोलेल ते जसंच्या तसं सांगा, आपल्या शिकलेपणानं गाळून नको.

मागच्या दिवाळीत मी आजीला पुन्हा विचारलं. शंभर रुपये घेऊन दुकानात गेलीस, सात रुपयांची चहापत्ती घेतली, किती उरले? "त्र्याण्णव." त्यातले परत सात दिले तर? आजी म्हणाली, "परत कशाला द्यायचे? एक पुडी पुरती की."

हे उत्तर जिथं चूक ठरतं, त्या कागदाची तपासणी आधी करा.

जय भीम.